पावसाने थांबलेली मॅच

पत्र बसमध्ये उघडायला नको होतं. पोस्टमननं दारात हातात दिलं तेव्हा ते तसंच कोटाच्या खिशात राहू दिलं असतं आणि दुपारी लॅबमधून परतल्यावर चहाबरोबर उघडलं असतं, तर निदान पाय तरी जमिनीवर असते. पण माणसाला धीर कुठला! त्यात पाकिटावर बेसबॉल असोसिएशनचा निळा शिक्का. राफाएल किहीमकरनं डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर, नेहमीच्या तिसऱ्या सीटवर बसून पाकीट फाडलं. आत तीन कागद. पहिल्यात लिहिलं होतं की वीस वर्षं स्कोअरर म्हणून केलेल्या सेवेबद्दल जानेवारीतल्या डिनरला त्याला एक मानचिन्ह देण्यात येईल, पत्नीसह यावे. दुसरं होतं एका छोट्या पुस्तिकेचं छापील पान: नॉटिंगहॅममध्ये झालेला एकमेव आंतरराष्ट्रीय सामना, जून १९७०. पाहुणे चार, यजमान तीन. सहाव्या इनिंगमध्ये पावसामुळे खेळ थांबला. अधिकृत स्कोअरर, आर. किहीमकर. तिसरा एक गुलाबी फॉर्म. छापलेल्या मजकुरात काही चूक असल्यास खाली लिहून मंगळवारपर्यंत पाठवावी; फॉर्म कोरा आल्यास मजकूर बरोबर आहे असं समजण्यात येईल. राफाएलनं 'पावसामुळे' हा एकच शब्द तीनदा वाचला, आणि मान वर केली तेव्हा हॉस्पिटलचा स्टॉप तीन स्टॉप मागे राहिला होता. एकवीस वर्षांत पहिल्यांदा तो लॅबमध्ये उशिरा पोचला. काय झालं म्हणून बरोबर काम करणाऱ्या गिरीशनं विचारलं, तर ट्रॅफिक म्हणाला. खोटं बोलायला त्याला कधी जड गेलं नव्हतं. हातानं लिहायला एकदाच जड गेलं, आणि तेही लिहून झालंच की.

दिवस शुक्रवारचा होता. नोव्हेंबरातला शुक्रवार, म्हणजे चारच्या सुमाराला सूर्य मावळणार आणि शब्बाथ, यहुद्यांचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागणार; त्याआधी घरी पोचलं पाहिजे. यासाठी त्यानं हॉस्पिटलात वर्षानुवर्षं सौदा करून ठेवला होता. शुक्रवारी दोनला सुटका आणि शनिवारी सुट्टी. त्याच्या बदल्यात ख्रिसमस, गुड फ्रायडे, ईस्टर, सगळं त्याच्या बोकांडी. गिरीश त्याला चिडवायचा की आमच्या पप्पूच्या बारशालासुद्धा तुम्ही शनिवारी आला नाहीत, असला कसला देव तुमचा. राफाएल हसायचा. कोकणात त्याच्या आज्याला लोक शनवार तेली म्हणत. सहा दिवस घाणा चालायचा, सातव्या दिवशी बैलसुद्धा मोकळा. गावाला आज्याचा देव ठाऊक नव्हता, पण शनिवारी या घरी तेल मिळत नाही एवढं शेंबड्या पोराला ठाऊक होतं. मुंबईत बापानं तो नेम पाळला आणि नॉटिंगहॅममध्ये राफाएलनं. शनिवारी चूल नाही, पैसा नाही, आणि लिहिणं तर नाहीच नाही. एका शनिवारचा अपवाद. मायक्रोस्कोपवर डोळा ठेवून तो बसला, आणि काचेवरच्या रक्ताच्या पेशी मोजता मोजता दोनदा आकडा चुकला.

बेसबॉल त्याला मुंबईत लागला होता. चव्वेचाळीस साली माझगावच्या मैदानावर अमेरिकन सोल्जर संध्याकाळी खेळायचे, आणि पंधरा वर्षांचा राफाएल त्यांच्या स्कोअररच्या मागे उभा राहून वहीत डोकवायचा. प्रत्येक खेळाडूच्या जागेला एक आकडा, एक ते नऊ. सहा नंबरनं चेंडू उचलला, चार नंबरकडे फेकला, त्यानं तीन नंबरकडे, दोन गडी बाद: सहा-चार-तीन. एवढासा चौकोन, आणि त्यात अख्खी धावपळ मावते! क्रिकेटमध्ये स्कोअरर म्हणजे नुसता कारकून, अंपायर सांगेल ते लिहायचं. इथे स्कोअरर न्यायाधीश. चेंडू सुटला तर तो मारणाऱ्याचा पराक्रम की पकडणाऱ्याची चूक, हे स्कोअरर ठरवतो. चूक असेल तर ई, म्हणजे एरर, लिहायचं आणि पुढे ज्याची चूक त्याचा आकडा. झालं, जन्मभराची नोंद. त्या सार्जंटनं त्याला पेन्सिल दिली आणि शिकवलंही. मग एका रविवारी काळे सोल्जर आपापसांत खेळायला उतरले, तेव्हा राफाएल आपणहून वही उघडायला लागला, तर सार्जंट वही काढून घेत सहज म्हणाला, ही मॅच मोजत नाहीत. राफाएलनं मान हलवली. तेव्हासुद्धा त्यानं मानच हलवली होती.

तर सत्तर सालची गोष्ट. नॉटिंगहॅमच्या बेसबॉल क्लबचा सेक्रेटरी हार्कर एका संध्याकाळी घरी आला, राफाएलच्या बायकोनं, बथशेबानं केलेल्या करंज्या त्यानं तीन खाल्ल्या आणि बातमी सांगितली: दक्षिण आफ्रिकेचा एक संघ युरोपच्या दौऱ्यावर निघालाय, वाटेत एक सामना आपल्याशी. आपल्याशी! गिरणी कामगार, पोलिश बेकर, दोन कॅनेडियन मास्तर यांच्या क्लबाशी. सामना अधिकृत धरला जाणार, आणि अधिकृत स्कोअरर राफाएल. त्याला ब्लेझर मिळणार, खिशावर बिल्ला. तू आमचा सगळ्यात चांगला स्कोअरर आहेस, हार्कर म्हणाला, आणि दुसरं असं की टेबलाशी तू बसलेला दिसलास तर वर्णद्वेषाच्या नावानं गेटवर बोंबलणाऱ्यांची तोंडं जरा बंद होतील. दोन्ही कारणं त्यानं एका दमात सांगितली. राफाएलनं पहिलं उचललं आणि दुसरं ऐकलंच नाही असं स्वतःला पटवलं. मग हार्कर म्हणाला की एक अडचण आहे. आपले सामने रविवारी असतात, पण पाहुणे मोठे धार्मिक. रविवार त्यांचा देवाचा दिवस, रविवारी ते बॅटला हात लावत नाहीत. सामना शनिवारी ठेवावा लागेल. राफाएलनं मागे वळून बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात बथशेबा उभी होती. हार्करला यातलं काय कळणार! राफाएल हो म्हणाला. त्यांचा देवाचा दिवस राहावा म्हणून यानं आपला मोडला.

पोरीशी भांडण झालं ते दुसऱ्या दिवशी. सिप्पोरा एकोणीस वर्षांची, सप्टेंबरात टीचर ट्रेनिंग कॉलेजला जायची होती, जागा पक्की झालेली. पाच वर्षांची असताना बोटीनं आली, त्यामुळे मराठी तिची बापाच्या जुन्या कोटासारखी, अंगाला कुठेच नीट बसत नव्हती. पण घरात बोलायची हट्टानं. "पप्पा, तो टीम सगळा गोरा आहे. तिथे तुम्हाला ते बाकावर पण बसू देणार नाही. आणि तुम्ही त्यांचा मॅच लिहिणार?" खेळ वेगळा, पॉलिटिक्स वेगळं, असं राफाएल म्हणाला, जे हार्कर म्हणायचा आणि टीव्हीवर सूट घातलेली माणसं म्हणायची. ती म्हणाली, बेनीकाका रस्त्यावर बसला तेव्हा तुम्ही काय म्हटला होता? बेंजामिन हा राफाएलचा धाकटा भाऊ, इस्रायलला गेलेला. तिथल्या धर्मपंडितांनी कोकणातले हे यहुदी खरे की कसे, यांच्याशी लग्नं लावावी की नाही असा घोळ घातला, तेव्हा चौसष्ट साली तो इतरांबरोबर जेरुसलेमच्या रस्त्यावर धरणं धरून बसला होता. उन्हानं पाठ सोलून निघाली म्हणून त्यानं पत्र लिहिलं होतं. राफाएलनं उत्तरात प्रकृतीची काळजी घे असं लिहिलं. अडीच ओळी. पोरीनं एवढं लक्षात ठेवलं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

दोन वाजता त्यानं पांढरा कोट खुंटीला लावला आणि बाहेर पडला. रस्त्याला ओल होती, झाडं खराट्यासारखी उभी. त्या दिवशी मात्र, त्या जूनच्या शनिवारी, कसलं लख्ख ऊन! सकाळी अकराच्या सुमाराला चार थेंब शिंपडल्यासारखे पडून गेले तेवढेच, मग आकाश धुऊन काढलेलं. टेबलावर नवी वही, टोक केलेल्या चार पेन्सिली, ब्लेझर अंगाला जरा घट्ट. पहिल्या चौकोनात पहिली रेघ ओढायला त्याचा हात उचलेना. बोटं आज्याची झाली की काय कोण जाणे. मग पिचरनं चेंडू टाकला, पहिला गडी स्ट्राइकआउट झाला, आणि पेन्सिल आपोआप चालली. त्यानंतर पाच इनिंगभर राफाएल इतका सुखात होता, की सुखाची आठवण म्हटली की आजही त्याला तीच पाच इनिंग आठवतात. पोरीच्या जन्माच्या आधी ती आठवतात, ही खरी शरमेची गोष्ट. पाहुण्यांचा मॅनेजर वाकून वहीत बघून गेला आणि अक्षर सुरेख आहे म्हणाला. राफाएलनं थँक्यू सर म्हटलं. सर!

सहाव्या इनिंगमध्ये कुंपणाकडून पंधरा-वीस पोरं आत आली. धावत नाही, चालत आली, आणि मैदानात बसली. कुणी आरडाओरडा केला नाही. सिप्पोरा सेकंड बेसवर बसली, बरोबर त्या पांढऱ्या गादीवर, पायांची घडी घालून, लहानपणी जेवायला बसायची तशी. तिनं टेबलाकडे बघितलं. पोलीस आले. तिघांनी तिला उचललं, एकानं दंड पिरगळला, डाव्या पायातलं सँडल गळून पडलं. ती ओरडली ते मराठीत ओरडली, "आई गं!" आणि साऱ्या मैदानावर तेवढं कळणारा एकटा राफाएल होता. तो उठला नाही. त्याच्या हातात पेन्सिल होती आणि समोर अर्धा भरलेला चौकोन, ही काय सबब झाली? पण तो उठला नाही. सगळ्यांना बाहेर काढल्यावर पाहुण्यांनी पुढे खेळायला नकार दिला आणि हार्कर घामाघूम होऊन टेबलाशी आला. पाच इनिंग पुरी झाली आहेत, म्हणाला, पावसानं थांबली असं लिहिलंस तर नियमानं मॅच पुरी धरतात, तीन-चार हार, मानाची हार. लोक आत घुसले असं लिहिलंस तर यजमान मॅच हरले, नऊ-शून्य, पेपरात बभ्रा, आणि पुन्हा कुठला परदेशी संघ या गावात पाय ठेवणार नाही. आणि मग अधिकृत काय उरलं, राफ? सकाळी चार थेंब पडले होतेच की. राफाएलनं वर बघितलं. आभाळात एक ढग नव्हता. हार्करनं आपलं शाईपेन काढून दिलं. शनिवारी, दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी, राफाएल किहीमकरनं वहीत 'पाऊस' लिहिलं आणि खाली सही केली. मैदान रिकामं झाल्यावर तो सेकंड बेसपाशी गेला. सँडल तिथेच होतं. त्यानं ते वहीच्या पिशवीत घातलं.

घरी देऊन टाकायचं होतं. पण ती रात्रभर पोलिसांकडेच राहिली, आणि आली तेव्हा दंड काळानिळा, तोंड मिटलेलं. तेव्हा जमलं नाही. मग आज देऊ, उद्या देऊ. पंधरा दिवसांनी कोर्ट. पोलीस म्हणाला की साडेचारच्या सुमाराला, मॅच पावसानं थांबून लोक घरी चालले असताना, या मुलीनं बाहेर रस्त्यावर वाट अडवली आणि मला लाथ मारली. सिप्पोरा म्हणाली की मी आत मैदानात बसले होते, खेळ चालू होता, कुणालाही हात लावला नाही, मला उचलून नेलं. माझं सँडल सेकंड बेसवर राहिलं. हार्करनं वही पुढे केली. मॅजिस्ट्रेटनं चष्मा सावरून पान बघितलं, चार वाजून पाच मिनिटं, पाऊस, आणि विचारलं की स्कोअरर हजर आहेत का. राफाएल उभा राहिला. ही सही तुमची? हो. एवढंच. आणखी कुणी काही विचारलं नाही, आणि त्यानंही आपणहून काही म्हटलं नाही. मग मॅजिस्ट्रेट बऱ्या स्वभावाचे असावेत, ते कोर्टाकडे बघून म्हणाले की हे जे सँडल म्हणते ही मुलगी, ते मैदानात कुणाला सापडलं का? पिशवी राफाएलच्या पायाशी होती. वही काढून घेतल्यामुळे ती सैल पडली होती आणि टाचेचा आकार कापडातून दिसत होता, निदान त्याला दिसत होता. आता उठायचं, त्याला वाटलं, आता. कोर्टातलं घड्याळ चाललं होतं. त्याला हार्कर दिसत होता, ब्लेझर दिसत होता, आणि खोटी नोंद केलेला स्कोअरर म्हणजे काय हेही दिसत होतं: त्याची तेरा वर्षं, सगळ्या वह्या, सगळे चौकोन रद्द. तो मूग गिळून बसला. मॅजिस्ट्रेट सिप्पोराकडे वळले. साक्षीदाराला तुला काही विचारायचं आहे? ती बापाकडे बघत राहिली. रागानं नव्हे. रागानं बघितलं असतं तर त्यानं सहन केलं असतं. परीक्षेत येणारं उत्तर पोराला आठवत नसलं की मास्तर जसा जरा वेळ देतो, तशी ती थांबली होती. मग म्हणाली, "नो क्वेश्चन्स."

शिक्षा म्हटली तर किरकोळ, दंडावर निभावलं. पण पोलिसाला मारल्याचा शेरा लागला आणि कॉलेजनं जागा काढून घेतली. मुलांना शिकवायचं, तिथे असला शेरा चालत नाही म्हणे. ती एडिनबराला गेली, इन्शुरन्सच्या ऑफिसात टायपिस्ट झाली, अजून तेच करते. लग्न नाही. दर शनिवारी शब्बाथ सुटल्यावर तिचा फोन येतो. राफाएलनं उचलला तर ती विचारते, आई आहे? तो म्हणतो, आहे, देतो. सात वर्षांत बापलेकीचं बोलणं एवढंच.

घरी पोचला तेव्हा सव्वातीन वाजले होते. बथशेबा स्वयंपाकघरात नारळाच्या रसातले मासे उतरवत होती, ओट्यावर भिजवलेल्या काळ्या मनुकांचं शरबत गाळून ठेवलेलं. मानचिन्ह मिळणार म्हणून त्यानं सांगितलं. बरं झालं, ती म्हणाली, आणि हात पुसून पत्र वाचायला घेतलं. तिन्ही कागद वाचले. गुलाबी फॉर्म तिनं जरा जास्त वेळ धरला, मग टेबलावर ठेवला, त्याच्या शेजारी बशीतली पेन्सिल आणून ठेवली आणि पुन्हा आत गेली. राफाएलनं माळ्यावरून पिशवी काढली. वही काढली तसं सँडलही वर आलं. चामडं कडक झालेलं, पट्ट्याची कडी गंजलेली. त्यानं ते वर्तमानपत्रावर ठेवलं. वहीतलं पान उघडलं. अक्षर खरंच सुरेख होतं. सहाव्या इनिंगचे चौकोन अर्ध्यावर रिकामे. चूक झाली की काय लिहायचं ते त्याला झोपेतसुद्धा येत होतं: ई आणि पुढे आकडा. एक म्हणजे पिचर, दोन कॅचर, नऊपर्यंत सगळ्यांना आकडे आहेत. स्कोअररला आकडा नाही. स्कोअरर चुकेल हे नियम करणाऱ्यांच्या मनातच आलं नव्हतं.

पण गुलाबी फॉर्मवर आकडे नको होते, साधं वाक्य चाललं असतं. त्या दिवशी पाऊस नव्हता. एवढी एक ओळ. तिचं पुढे काय झालं असतं कोण जाणे. शेरा पुसला गेला असता की नाही, कॉलेज सात वर्षांनी जागा देतं थोडंच. पण उद्या फोन आला की त्याला म्हणता आलं असतं, सिपू, मी लिहिलं. त्यानं पेन्सिल उचलली. टोक बोथट होतं. टोक करायला उठला, ब्लेड शोधलं, मन लावून टोक केलं, सालं गोळा करून टोपलीत टाकली. साडेतीन. इंग्रजीत कसं लिहावं याचा विचार केला. डिनरला हार्कर असणार, आता म्हातारा झालाय, हृदयाचं ऑपरेशन झालंय, त्याला काय वाटेल. चहा प्यावासा वाटला, चहा केला. चष्म्याच्या काचा पुसल्या. खिडकीबाहेर समोरच्या घरांच्या चिमण्यांमागे उजेड तांबूस होत होता आणि राफाएल त्याच्याकडे चोरून बघत होता. कशासाठी बघतोय हे त्याला कळत होतं. कळून सवरून तो बघत राहिला.

बथशेबा बाहेर आली. डोक्यावर पदर घेतलेला, हातात काचेचे दोन पेले, खाली पाणी, वर खोबरेल तेल, त्यात वाती. तिनं टेबलावरच्या कागदाकडे बघितलं. फॉर्म कोरा होता. ती थांबली, नेहमीपेक्षा चांगली दोन-तीन मिनिटं काडेपेटी हातात धरून थांबली. राफाएल टोकदार पेन्सिल कागदावर टेकवून बसला होता. मग तिला आणखी थांबता येईना, कारण सूर्य कुणासाठी थांबत नाही. तिनं काडी ओढली, वाती लावल्या, डोळ्यांवर हात धरून आशीर्वाद म्हटला. राफाएलनं पेन्सिल खाली ठेवली. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्याला हलकं वाटलं, आणि आपल्याला हलकं वाटतंय याची किळसही आली.

"आता लिहिता येत नाही," तो म्हणाला. "शब्बाथ लागला."

बथशेबानं डोळ्यांवरचे हात काढले. त्या दिवसाबद्दल सात वर्षांत ती एकदाही बोलली नव्हती. पिशवी तिनं दर वर्षी वल्हांडण सणाच्या साफसफाईत माळ्यावरून खाली काढली होती, झटकली होती आणि परत जागेवर ठेवली होती.

"त्या दिवशीही शब्बाथच होता," ती म्हणाली. "तेव्हा हात कसा चालला तुमचा?"

तिनं सँडल उचललं, पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली आणि आत घेऊन गेली. राफाएल पेल्यांतल्या वातींसमोर बसून राहिला. जेवायला हाक आली तेव्हा उठला, शरबताचा आशीर्वाद त्यानं म्हटला, मासे खाल्ले. शनिवारी संध्याकाळी फोन वाजला आणि त्यानं उचलला. आई आहे? आहे, देतो. रविवार अख्खा मोकळा होता, रविवारी त्याला लिहायला कुणाची बंदी नव्हती. सोमवारी सकाळी बसस्टॉपजवळच्या लाल पेटीत त्यानं पाकीट टाकलं. फॉर्म कोरा होता.